लोखंडी कपाटाला हात लावण्याआधी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभागृहात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला सांगितलं, "काका, घरात उपयोगी पडेल असं काहीतरी बोला." मी डॉक्टर नाही, वकील नाही. महापेच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये 31 वर्षं काढली. पत्र्याला रंग लावणं, एवढंच मला येतं. तेव्हा पत्र्याबद्दलच बोलतो. आणि आपल्या घरात पत्रा म्हटला की कपाट.

हात वर करा बघू, कोणाकडे लोखंडी कपाट नाही? दोनच हात. त्यातले एक गृहस्थ मला माहीत आहेत. त्यांचं कपाट गॅलरीत आहे आणि त्यात कुंड्यांची माती ठेवलेली आहे. (हशा)

आपण सगळे त्याला "गोदरेजचं कपाट" म्हणतो. मग ते कुर्ल्याच्या एखाद्या गाळ्यात बनलेलं असो नाहीतर उल्हासनगरच्या. गोदरेजने आपलं 'स्टोअरवेल' कपाट 1923 साली बाजारात आणलं, त्याला शंभर वर्षं होऊन गेली, आणि मराठी माणसाने कंपनीचं नावच वस्तूला देऊन टाकलं. लग्न ठरलं की मुलीकडच्यांनी भांडी आणि कपाट द्यायचं, हे कित्येक वर्षं ठरलेलंच होतं. आपल्यातली बरीच कपाटं लालबाग, परळ, घाटकोपर, डोंबिवली अशी फिरत टेम्पोतून खाडीपूल ओलांडून नेरूळला आलेली आहेत. वयाने ती या बिल्डिंगपेक्षा मोठी आहेत.

आणि वन आरकेत त्यांनी नुसते कपडे सांभाळलेले नाहीत. आडवं लावलं, बाजूला पडदा सोडला, की नवीन जोडप्याची खोली तयार. अर्धी भिंतच ती. आपल्या सोसायटीतली निदान तीन-चार लग्नं त्या भिंतीच्या आडोशाने स्थिरावलेली आहेत, नावं घेत नाही.

आता रौप्यमहोत्सवासाठी बिल्डिंगला बाहेरून रंग झाला, परांची उतरली. बाहेरून इमारत चकाचक दिसायला लागली की घरातली वस्तू डोळ्यांत खुपते. त्यामुळे गेल्या दोन महिन्यांत मला जिन्यात सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच: "काका, कपाटाला कुठला रंग मारू?" रंगाचं नंतर बघू. आधी कपाटाच्या अंगावर आज काय आहे, ते बघायचं आहे.

आमच्या विंगेतला एक मुलगा (मुलगा म्हणजे आता बाप झालाय) गणपतीच्या आधी माझ्याकडे आला. हातात सँडपेपर. म्हणाला, "काका, आजीचं कपाट घासून काढतो. शनिवारी घासायचं, रविवारी रंग. सोमवारी ऑफिस."

मी विचारलं, "बाळ कुठे असेल?"

"घरातच. कुठे जाणार? हॉलमध्ये."

"आणि कपाट?"

"हॉलमध्येच."

मी त्याला म्हटलं, "बस जरा. चहा घे."

ते कपाट आजीच्या लग्नातलं, म्हणजे 1970च्या आसपासचं. शेवाळी हिरवा रंग. त्यावर मध्ये केव्हातरी कोणी तरी पिवळट क्रीम रंग मारलेला, तो पापुद्रे सुटून पडत होता. घरात आठ महिन्यांचं रांगणारं मूल. दहा बाय बाराचा हॉल. आणि हा कोरड्या सँडपेपरने सगळं खरवडणार होता. आजचं माझं बोलणं खरं तर त्या शनिवारबद्दल आहे.

आपल्या जुन्या रंगाऱ्यांच्या तोंडी तीन शब्द असायचे: सफेता, शेंदूर आणि मुरदाडशिंग. सफेता पांढऱ्या रंगाला. शेंदूर लोखंडाला गंज चढू नये म्हणून पहिला हात द्यायला. मुरदाडशिंग जवसाचं तेल उकळताना टाकायची, म्हणजे रंग लवकर वाळतो. हे तिन्ही पदार्थ शिशाचे आहेत. शिसं, तेच जे पूर्वी नळाच्या सांध्यांत ओतायचे. शिशाने रंग टिकाऊ होतो, दाट बसतो, लोखंड गंजत नाही. रंगाऱ्याच्या दृष्टीने त्यात खोट काढायला जागा नव्हती. पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या छटांतही शिसं असायचं, कारण क्रोम पिवळा म्हणजे शिशाचंच क्षार, आणि त्यात निळा मिसळला की हिरवा.

हे विष आहे हे जगाला काल कळलेलं नाही. पांढऱ्या शिशाच्या रंगकामावर बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार 1921 सालचा आहे. अमेरिकेने घरातल्या रंगांत शिशावर बंदी घातली 1978 साली. आपल्याकडे नियम झाला 2016 मध्ये आणि लागू झाला 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्यानुसार घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं 90 पीपीएमच्या वर चालत नाही. पीपीएम म्हणजे दहा लाखांत इतके भाग. एका किलोत 90 मिलिग्रॅम. जुन्या काही ऑइलपेंटांत हा आकडा हजारोंच्या घरात असायचा.

म्हणून माझा सरळ हिशोब आहे. 2017च्या आधीचा रंग असेल, तर त्यात शिसं आहे असं धरूनच कामाला लागायचं. डोळ्यांनी बघून ते कळत नाही. वासाने कळत नाही. हिरवा-पिवळा असेल तर संशय जास्त, पण राखाडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

इथे एक गोष्ट नीट ऐका, नाहीतर उद्या सगळे आपापली कपाटं भंगारवाल्याला द्याल. अंगावर नीट बसलेला, न सुटलेला रंग काही करत नाही. आजी 50 वर्षं त्या कपाटाला टेकून बसली, तिला काही झालं नाही. धोका धुळीचा आहे. कोरडं घासलं की पिठासारखी भुकटी उडते. ती लादीवर बसते, सतरंजीत जाते, पंख्याच्या पात्यावर चढते. मूल लादीवर हात टेकवतं आणि तोच हात तोंडात घालतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या अंगात चार ते पाच पट जास्त शोषलं जातं, आणि सुरक्षित म्हणावी अशी त्याची पातळी माहीत नाही. मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मूल पुढे अभ्यासात मागे पडतं आणि आपण म्हणतो, लक्ष देत नाही. गरोदर बाईच्या अंगातलं शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं, हेही लक्षात ठेवा.

बंगल्यात असतो तर कपाट अंगणात काढलं असतं. आपल्याला अंगण नाही. लिफ्टमध्ये ते मावत नाही. जिन्याने न्यायचं तर चार माणसं आणि प्रत्येक वळणावर भांडण. म्हणजे जिथे जेवतो, जिथे झोपतो, तिथेच वर्कशॉप. माझ्या कारखान्यात घासायची जागा वेगळी, रंगाची वेगळी, आणि दोन्हीकडे हवा बाहेर खेचणारे पंखे होते. इथे एक खिडकी.

तर त्या मुलाला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

पहिलं म्हणजे मुहूर्त. गणपतीच्या आधी मुळीच नको. भाद्रपदात हवेत एवढं पाणी असतं की ऑइलपेंट वरून सुकल्यासारखा दिसतो आणि आतून ओला राहतो. दार बंद केलं की चिकटतं, उघडलं की साल निघते. आपल्याकडे पत्र्याच्या रंगाला दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, हा काळ उत्तम. त्याने तोंड वाकडं केलं, पण थांबला.

दुसरं, सुनेने बाळाला घेऊन चार दिवस माहेरी जायचं. हे सांगितल्यावर घरात सगळ्यात आनंद कोणाला झाला ते सांगत नाही. (हशा) ज्यांना दम्याचा त्रास आहे, त्यांनीही त्या दिवसांत दुसरीकडे राहावं.

तिसरं, घासायचं ते ओलं. हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर मागा, 220 नंबरचा आणि नंतर 400चा. बादलीत पाणी, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. पेपर बुडवायचा, हलक्या हाताने घासायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, पुन्हा बुडवायचं. पत्र्यापर्यंत खरवडत जायची गरजच नाही. चकाकी मेली आणि सुटे पापुद्रे निघाले की बास. खालचा रंग जेवढा जागेवर राहील तेवढा चांगला. खाली जाड प्लास्टिक अंथरा. झाल्यावर ते आतल्या बाजूला घडी घालून फडक्यांसकट वेगळ्या पिशवीत बांधा. बादलीतला गाळ खाली बसू द्या आणि फडक्याने टिपून त्याच पिशवीत टाका. किचनच्या सिंकमध्ये काही ओतायचं नाही. नंतर लादी झाडू नका, दोनदा ओली पुसा. तोंडाला कोरोनाच्या वेळचे एन-95 मास्क असतील ते लावा. रुमालाने ही धूळ अडत नाही. मशीनने घासणं आणि ब्लो टॉर्चने रंग जाळणं, हे दोन्ही घरात बंद. जाळलं तर शिशाची वाफ होते, ती धुळीपेक्षा वाईट.

घासायच्याही आधी कपाट धुवायचं. हे कोणी करत नाही आणि मग म्हणतात रंग धरला नाही. मुठीच्या आसपास 50 वर्षांचं हाताचं तेल असतं. उदबत्तीचा धूर असतो, फोडणीची वाफ असते. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून पुसा, मग साध्या पाण्याने. आरशावर चिकटवलेल्या टिकल्यांचा गोंद खोबरेल तेलाने निघतो, पण ते तेल नंतर सोड्याने पुरतं काढा. तेल राहिलं तर रंग त्या ठिकाणाहून पळतो, गोल गोल डाग पडतात. पेंट शॉपमध्ये आम्ही त्याला फिश आय म्हणायचो. बिजागऱ्यांना तेल घालायचं असेल तर रंग पूर्ण वाळल्यावर.

गंज बघायचा असेल तर कपाटाचे पाय बघा. आपल्याकडे खाडीचा खारा वारा आहेच, पण कपाटाला खरा गंज चढतो तो रोज लादी पुसल्याने. ओलं फडकं खालच्या पट्टीला लागतं आणि पाणी आत शिरतं. पायाखाली लाकडाचे किंवा प्लास्टिकचे इंचभर गुटके द्या, कपाटाचं आयुष्य वाढेल. गंजलेली जागा मात्र पत्र्यापर्यंत घासावी लागते, ओलीच. आणि उघडा पत्रा ओला राहिला तर तासाभरात तांबूस होतो. म्हणून लगेच पुसायचा, केस वाळवायच्या मशीनने सुकवायचा, आणि त्याच दिवशी प्रायमर.

प्रायमर मागताना "लाल प्रायमर" एवढंच म्हणू नका. रेड ऑक्साइड म्हणा. ती लोखंडाची काव, आपल्या गेरूची बहीण. गंज रोखायचं काम करते आणि शिशाच्या वाटेला जात नाही. शेंदूर दिसायला भगवा, रेड ऑक्साइड विटकरी. पिवळा झिंक क्रोमेट दिला तर परत करा, त्यातला क्रोमेट कर्करोगाला कारण होतो. आणि डब्यावरचं वाचा. 2017चा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे, कारखान्यांसाठीच्या रंगांना तो लागू नाही. दुकानदार कधी कधी "हा दणकट आहे" म्हणून इंडस्ट्रियल डबा पुढे करतो. मी त्याच धंद्यातला आहे म्हणून सांगतो, तो दणकट असतो हे खरं आहे. तरीही घरात आणू नका. शिसं 90 पीपीएमच्या आत असल्याचं आणि बनवल्याचा महिना-वर्ष डब्यावर छापलेलं असलं पाहिजे.

किती रंग लागेल? साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फुटाहून थोडं खोल असं नेहमीचं कपाट धरलं, तर समोरचा भाग, दोन बाजू आणि डोकं मिळून साधारण 45 चौरस फूट होतात. दोन हातांना एक लिटरचा डबा पुरतो. चार लिटरचा स्वस्त पडतो म्हणून आणाल, तर उरलेला रंग दहा वर्षं माळ्यावर पडून राहील. पाण्यात मिसळणारा इनॅमलही आता मिळतो. त्याला वास कमी आणि तो लवकर वाळतो. छोट्या घरात माझं मत त्याच्या बाजूने. फक्त तो उघड्या पत्र्यावर थेट लावायचा नाही, आधी प्रायमर.

लावताना खिडकीत टेबल फॅन ठेवा, तोंड बाहेरच्या बाजूला. आपण सगळे तो आत तोंड करून ठेवतो आणि वास घरभर फिरवतो. टर्पेंटाइन वापरत असाल तर गॅस बंद, देवापुढचा दिवाही त्या वेळेपुरता राहू द्या. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तेलाच्या रंगाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. जिन्यात किंवा मीटरच्या खोलीत ठेवू नका, नाहीतर सेक्रेटरी तुमच्या नावाने नोटीस काढतील आणि ती योग्यच असेल.

एका दमात सगळं कपाट नको. आज एक बाजू, पुढच्या रविवारी दुसरी, तिसऱ्या रविवारी दारं. दारं आठवडाभर किलकिली ठेवायची, मध्ये बटर पेपरची पट्टी.

आतून रंगवू नका. आत गंज फारसा नसतो आणि कपड्यांना महिनोन्महिने वास येतो. त्या आजींच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलने दुधाचा हिशोब आहे, चाळीतल्या शेजाऱ्यांचे फोन नंबर आहेत, मुलाची आणि नातवाची उंची आहे. नातू म्हणाला होता, एवीतेवी रंगवतोच आहे तर आतूनही स्वच्छ करू. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त किल्ली कमरेला लावून आत निघून गेल्या. ते दार तसंच आहे.

आता बरेच जण म्हणतील, एवढं कोण करणार, नाक्यावरून दोन पोरं आणतो. आणा, पण मग त्यांच्याबद्दलही ऐका. मी पेंट शॉपला होतो तेव्हा मला मास्क होता, एक्झॉस्ट होता, दर वर्षी तपासणी होती. आपल्या घरी येऊन तीच पोरं कोरडं घासतात, तोंडाला रुमाल, आणि दुपारी त्याच हाताने डबा खातात. नंतर तेच कपडे घालून घरी जातात आणि स्वतःच्या पोराला उचलून घेतात. फर्निचरला ड्युको किंवा पीयूचा स्प्रे मारायचा असेल तर बंद खोलीत ते काम आणखी वाईट. पीयूच्या हार्डनरमुळे धडधाकट माणसाला दमा जडू शकतो. ज्यांना स्प्रेच हवा आहे त्यांनी वस्तू वर्कशॉपला पाठवावी. हाताने काम करून घेणार असाल तर बादली, वॉटर पेपर आणि मास्क आपण द्यायचे, साबणाने हात धुवायला बेसिन दाखवायचं, आणि ओल्या कामाला एक दिवस जास्त लागतो त्याची मजुरी द्यायची. त्यात घासाघीस करू नका. रंगाच्या एका डब्याच्या किमतीत नातवाच्या डोक्याची काळजी मिटत असेल, तर तो सौदा महाग नाही.

लाकडाचं विचाराल तर थोडक्यात सांगतो. ज्यांच्याकडे सावंतवाडीचे पाट किंवा चौरंग आहेत त्यांनी त्यावर ऑइलपेंट फिरवू नका. चितार आळीत लाकडी वस्तूंवर लाखेचा रंग चढवतात. चरकावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते. त्यावर ब्रश मारणं म्हणजे पैठणीला डांबर. साध्या सागवानी देव्हाऱ्याला स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख पुरते, फक्त स्पिरिट पेट घेतं हे विसरू नका. आणि देवाचा शेंदूर हाताला लागला तर प्रसाद खाण्याआधी हात धुवा, देव रागावत नाही.

त्या घरचं कपाट डिसेंबरात झालं. तीन रविवार लागले. रंग फिकट राखाडी निवडला, मला विचारलं असतं तर मी पुन्हा हिरवाच सांगितला असता. बाळाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या असं मी सुचवलं होतं, कारण क्रीम रंगाचे पापुद्रे आधीपासूनच पडत होते. ते त्यांनी डॉक्टरांना विचारून करून घेतलं. रिपोर्ट काय आला ते त्यांच्या घरचं आहे, इथे सांगण्याचं नाही. पण ज्यांच्या घरी रांगणारं मूल आहे आणि जुना रंग सुटतो आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी हे बोलून घ्यावं. कपाट रंगवायचं नसेल तरीही.

कमिटीला एक विनंती. स्टूल, खुर्च्या, देव्हारे अशा उचलून नेता येणाऱ्या वस्तूंसाठी दिवाळीनंतरचे दोन रविवार गच्चीचा एक कोपरा उघडून द्या. पाण्याच्या टाकीपासून लांबचा. ताडपत्री मी आणतो, वॉटर पेपर ज्याचा त्याने आणावा.

चहा आलेला दिसतोय. ज्यांना आपल्या कपाटाबद्दल विचारायचं असेल त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवू नका, घरी बोलवा. खिडकी कुठे आहे आणि मूल कुठे झोपतं, ते बघितल्याशिवाय मी कोणाला रंग सांगत नाही.